फोंड्यातली टोरांटो क्विझ: पैसे वसूल, फक्त पंखे वाढवा

फोंड्यात रविवारी संध्याकाळी डोक्याला जरा खुराक मिळेल असं काही शोधायचं म्हटलं तर नाटक असलं तर नाटक, नाहीतर गाडी काढून पणजी गाठायची, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे वरच्या बाजाराजवळच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या कॅफेत (खाली स्टेशनरीचं दुकान, जिना बाजूच्या बोळातून) महिन्यातून एकदा क्विझ होते हे कळल्यापासून जायचं मनात होतंच. या वेळचा विषय टोरांटो आहे असं पोस्टर बघितलं आणि वहिनीने सरळ चौघांचे पैसे भरून टाकले, कारण माझी पुतणी तिकडे शिकायला गेलीय. माणशी अडीचशे रुपये, त्यात एक चहा किंवा कॉफी आणि एक प्लेट खाणं, टीम चौघांची. निकाल आधीच सांगून टाकतो, जा. विषय कुठलाही असो, जा. आता सविस्तर लिहितो.

या क्विझची खरी करामत मार्कांच्या पद्धतीत आहे. प्रश्नाला दहा मार्क, पण नुसतं उत्तर बरोबर आलं तर पाचच मिळतात. उत्तर आलं की क्विझ घेणारे सर माईकवर एकच कोकणी शब्द म्हणतात, "कित्याक?" म्हणजे "का?", आणि मग टीमने त्यामागचं कारण सांगायचं, ते पटलं तर उरलेले पाच. सर निवृत्त भूगोल शिक्षक आहेत, मराठी-कोकणी मिसळून बोलतात, आणि कोणी चुकीचं कारण दिलं तरी त्याला उडवून न लावता "हां, पण मग तसं असतं तर अमुक झालं नसतं का?" असं विचारून पुढे नेतात. मोबाईल आत शिरतानाच एका वेताच्या टोपलीत ठेवायचे. त्यामुळे रील्स बघून पाठ केलेली ट्रिव्हिया इथे अर्ध्यावर अडते. मला हे फार म्हणजे फार आवडलं. आपल्याकडे जनरल नॉलेज म्हटलं की देश-राजधानी-चलन पाठ करायचं, परीक्षा झाली की विसरायचं, आणि मुलांना वाटतं हेच ज्ञान.

पहिलाच प्रश्न. पॅरिस, मिलान, फ्लॉरेन्स आणि टोरांटो ही चार शहरं उत्तरेकडून दक्षिणेकडे लावा. कॅनडा म्हणजे बर्फ, म्हणून बऱ्याच टीमनी टोरांटो सगळ्यात वर टाकलं, आणि ते निघालं सगळ्यात खाली, ४३.६५ अंशांवर, म्हणजे इटलीतल्या फ्लॉरेन्सच्याही किंचित दक्षिणेला. कित्याक एवढी थंडी मग? इथे आमचा भाचा, नववीतला, उठून उभा राहिला आणि सांगितलं की युरोपला पश्चिमेकडून समुद्रावरचे उबदार वारे मिळतात आणि टोरांटोला हिवाळ्यात खंडाच्या आतली, उत्तरेकडची गार हवा मिळते. पुस्तकातला धडा असा कामाला आलेला बघून त्याचा चेहरा जो फुललाय ना, तिथेच माझे अडीचशे वसूल झाले.

इतिहासाचा राउंड छोटा पण घट्ट होता. १७९३ साली सिम्को नावाच्या इंग्रज गव्हर्नरने हे गाव वसवलं आणि नाव ठेवलं यॉर्क, १८३४ मध्ये शहराचा दर्जा मिळाला तेव्हा टोरांटो हे जुनं नाव परत आलं. मधे १८१३ मध्ये अमेरिकन फौजेने यॉर्क घेतलं, तिथलं पार्लमेंट जाळलं, आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी वॉशिंग्टनमध्ये शिरून व्हाइट हाउसला आग लावली, त्याच्या कारणांत यॉर्कचा राग हे एक कारण धरतात. अमेरिकनांनी तेव्हा पार्लमेंटचा राजदंड उचलून नेला होता तो अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३४ मध्ये परत केला, शहराच्या शंभरीला. इथे सरांनी आपल्याकडची एक जोड दिली. टोरांटोला टोरांटो हे नाव मिळालं तेव्हा पणजीतलं आपलं सरकारी ग्रंथालय दोन वर्षांचं होतं, १८३२ चं. सगळ्या हॉलमध्ये "ओ!" असा आवाज उठला. अशी जोड दिली की साल डोक्यात बसतं, नाहीतर १८३४ काय नि १८४३ काय.

सीएन टॉवर येणार हे सगळ्यांना माहीतच होतं. पण प्रश्न उंचीचा नव्हता (ती ५५३.३३ मीटर, आणि २००७ मध्ये बुर्ज खलिफाने मागे टाकेपर्यंत जमिनीवर स्वतःच्या पायावर उभी असलेली जगातली सगळ्यात उंच रचना). प्रश्न होता, सीएन म्हणजे काय, आणि एका रेल्वे कंपनीने टॉवर बांधला कित्याक? सीएन म्हणजे कॅनेडियन नॅशनल, रेल्वे कंपनीच. साठ-सत्तरच्या दशकात शहरात उंच इमारती धडाधड उठल्या आणि टीव्ही-रेडिओचे सिग्नल त्यांच्यावर आपटून घरोघरी चित्र फुटायला लागलं, म्हणून सगळ्यांच्या डोक्यावरून जाईल एवढा उंच अँटेना हवा होता. १९७६ मध्ये तो उघडला. वरच्या अँटेनाचे तुकडे हेलिकॉप्टरने एकेक करून नेऊन बसवले, त्या हेलिकॉप्टरचं नाव ओल्गा. आमच्या टेबलावर सगळ्यांना वाटत होतं की पर्यटकांसाठी बांधला असणार. पाच मार्क गेले.

मग विमानतळाचा प्रश्न आला आणि हॉलमध्ये हशा, कारण गोव्याच्या माणसाला फेरीबोटीचं काय कौतुक सांगायचं. पण हे ऐका. टोरांटोला शहराला अगदी खेटून ओंटारिओ तळ्यातल्या बेटावर एक छोटा विमानतळ आहे, बिली बिशप नावाचा, आणि तिथे जायला फेरीबोट आहे जी फक्त १२१ मीटर पाणी ओलांडते. दीड मिनिटात पलीकडे. आपली बेती-पणजी फेरी त्यापुढे लांबचा प्रवास झाला. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, आपल्यासारखंच. आता एवढंसं पाणी, तर पूल किंवा बोगदा कित्याक नाही केला? तर बोगद्याचं काम १९३५ मध्ये सुरू झालं होतं, निवडणूक झाली, सरकार बदललं, नव्या सरकारने काम बंद केलं, आणि पायी चालायचा बोगदा शेवटी उघडला २०१५ मध्ये. ऐंशी वर्षं! फेरीचे धक्के आणि पूल यावर आयुष्यभर बोलत आलेल्या लोकांसमोर हा प्रश्न टाकायचा म्हणजे सरांनी श्रोते ओळखले होते. त्याला जोडूनच ही बेटं आली कुठून हेही झालं. आधी ते बेट नव्हतंच, वाळूचा लांब दांडा होता जमिनीला जोडलेला, १८५८ च्या वादळाने तो तुटला आणि मधून पाणी वाहायला लागलं, ते आजतागायत.

यंग स्ट्रीटवर मात्र सरांनी सगळ्यांना सापळ्यात पकडलं. जगातला सगळ्यात लांब रस्ता कुठला, पर्याय चार, आणि मागच्या टेबलावरचा एक कॉलेजचा मुलगा ताडकन "यंग स्ट्रीट, टोरांटो, १८९६ किलोमीटर!" आकडा बरोबर, गिनीज बुकात तो तसा छापलेलाही होता. तरी मार्क शून्य. मुलगा चांगलाच तापला. मग सरांनी शांतपणे सांगितलं की तो आकडा हायवे ११ पूर्ण धरून होतो जो पार उत्तरेला आणि मग पश्चिमेला जातो, यंग स्ट्रीट हा त्याचा फक्त दक्षिणेकडचा तुकडा, म्हणून १९९९ मध्ये गिनीजनेही तो रेकॉर्ड काढून टाकला, आणि तरी अजून लोक सांगतातच. मला वाटतं अशा विषयावर क्विझ घ्यायची तर हा प्रश्न हवाच. नेटवरच्या 'तुम्हाला माहीत आहे का' छाप पोस्टांत हा रस्ता अजून दिमाखात लांबच लांब पडलेला असतो.

ट्रामचा प्रश्न थोडा टेक्निकल होता पण माझ्यासारख्या रेल्वेवेड्याला मेजवानी. टोरांटोच्या ट्रामच्या दोन रुळांमधलं अंतर १४९५ मिलिमीटर आहे, जगभरच्या स्टँडर्ड गेजपेक्षा बरोबर साठ मिलिमीटर जास्त, आणि असं माप दुसरीकडे नाही. आपलं ब्रॉडगेज १६७६. कारण १८६१ च्या करारात आहे, घोड्यांची ट्राम सुरू करताना शहराने अट घातली की साध्या घोडागाड्यांनाही त्या रुळांवरून चाकं नेता आली पाहिजेत, रस्ते चिखलाचे होते ना. ती घोडागाडी गेली, चिखल गेला, माप राहिलं, आणि पुढे १९५४ मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली तीही त्याच मापावर. आपल्याकडे मुरगावची लाईन मीटरगेजची ब्रॉडगेज झाली तेव्हा ती किती वर्षं बंद होती हे ज्यांना आठवतंय त्यांना एकदा टाकलेलं माप बदलणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आता ज्या दोन प्रश्नांसाठी मी हे सगळं लिहायला बसलोय ते.

पहिला, टोरांटोच्या नकाशात शहराच्या पोटातून हिरव्या दऱ्यांचं जाळं दिसतं, झाडं, ओढे, पायवाटा, शहराच्या क्षेत्रफळाच्या सुमारे १७ टक्के. एवढ्या महागड्या शहरात ही जागा बिल्डरांच्या हातून कित्याक सुटली? बऱ्याच टीमनी लिहिलं, लोक निसर्गप्रेमी आहेत, कायदे कडक आहेत. सर म्हणाले, कडक कित्याक झाले ते सांगा. कोणालाच आलं नाही. १५ ऑक्टोबर १९५४ ला हेझल नावाचं चक्रीवादळ, जे कॅरिबियनमधून आलं होतं आणि एवढ्या आत जमिनीवर येईपर्यंत विरून जाईल असं वाटत होतं, ते टोरांटोवर येऊन कोसळलं. आधीच पावसाने भिजलेली जमीन, त्यात रात्रीतून हंबर नदी चढली. रेमोर ड्राइव्ह म्हणून नदीकाठचा एक रस्ता होता, त्यावरची घरं माणसांसकट वाहून गेली, त्या एका रस्त्यावर ३५ माणसं गेली, आणि ओंटारिओ प्रांतात मिळून ८१. त्यानंतर सरकारने काय केलं, तर पूररेषेतली घरं तिथेच पुन्हा बांधून दिली नाहीत. जमिनी विकत घेतल्या, बांधकाम बंद केलं, १९५७ मध्ये सगळ्या नद्यांचं खोरं एकत्र बघणारं प्राधिकरण उभं केलं, आणि नदीला तिची जागा मोकळी ठेवली. रेमोर ड्राइव्हच्या त्या भागात आज पार्क आहे.

हे ऐकताना हॉल एकदम शांत झाला होता. आमच्या टेबलावर साखळीचा मित्र होता, त्याच्या लहानपणी वाळवंटी नदीचं पाणी बाजारात शिरायचं तेव्हा दुकानांतला माल माळ्यावर चढवायची धावपळ त्याने स्वतः केलेली आहे. तो हळूच म्हणाला, आमच्याकडे नदी फुगते तिथेच प्लॉट पडतात. खरं आहे. खाजनांत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनींत) भराव पडतोय, शेतं मातीने भरली जातायत, आणि पाणी घरात शिरलं की आपण पावसाला शिव्या देतो. टोरांटोला ८१ माणसं गेल्यावर अक्कल आली, तरी आली, आणि सत्तर वर्षं टिकली. ग्रामसभेत उभं राहून सांगावी अशी ही माहिती आहे, आणि ती मला अडीचशे रुपयांच्या क्विझमध्ये मिळाली.

दुसरा प्रश्न ऐकून तर मला आधी खोटाच वाटला. टोरांटोच्या मध्यवस्तीतल्या मोठमोठ्या इमारतींचा एसी कशावर चालतो? उत्तर, तळ्याच्या थंड पाण्यावर. ओंटारिओ तळ्यात किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर आत, ८३ मीटर खोलीवर पाइप टाकलेत, तिथलं पाणी उन्हाळा असो की हिवाळा, ४ अंशांच्या आसपास असतं. कित्याक? कारण पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून तेवढं थंड पाणी तळाशी जाऊन बसतं आणि वरचं तापलं तरी ते वर येत नाही. हे पाणी शुद्ध करून शहरात आणतात, एका मोठ्या यंत्रणेत त्याचा गारवा इमारतींच्या पाइपांतल्या वेगळ्या पाण्याला देतात, दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, आणि मग तेच तळ्याचं पाणी नळाला सोडतात, प्यायला. म्हणजे जे पाणी लोकांना प्यायला आणायचंच होतं त्यातला गारवा वाटेत काढून घेतला. २००४ पासून चालू आहे. सरांनी फळ्यावर खडूने पाइपची आकृती काढून दाखवली, प्रोजेक्टर असून फळा वापरला, आणि त्या आकृतीत बाणांची दिशा बघत बघत मागचे लोकसुद्धा पुढे येऊन उभे राहिले.

भाच्याने लगेच विचारलं, सर आपल्याकडे समुद्राने असं करता येईल का? सरांनी त्याला उत्तर न देता विचारलं, आपला समुद्र किनाऱ्याजवळ किती खोल आहे? मग चर्चा झाली की आपल्याकडे किनाऱ्यापासून बरंच लांब गेलं तरी समुद्र उथळच, पाणी कोमट, त्यात खारं, म्हणजे पिण्याच्या पाण्याची जोड मिळणार नाही. तरीही मुलाच्या डोक्यात प्रश्न आला हे महत्त्वाचं. घरी येताना गाडीत तो साळावली धरणाच्या तळाचं पाणी किती अंशांवर असेल यावरच बोलत होता.

मधे वीस मिनिटांचा ब्रेक. खाण्यात पाव आणि पातळभाजी, किंवा सुकी भाजी, किंवा बन. पातळभाजी उत्तम, वाटाणा नीट शिजलेला, वर ओलं खोबरं सढळ, तिखटही बेताचं. बन मात्र थंड होते आणि थंड बनाला काही अर्थ नसतो, ते गरम फुगलेले ताटात आले पाहिजेत. चहा बरा, कॉफी टाळा. बाजूच्या टेबलावर एक काकू होत्या, त्यांनी पावाला हात लावायच्या आधी पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं, आकडा फिरवून बघितला, साडीचा पदर जरा बाजूला घेऊन पोटावर टोचलं आणि मुलीशी चाललेलं बोलणं न थांबवता पेन परत ठेवून दिलं. दहा सेकंदांचं काम. मी हे मुद्दाम लिहितोय कारण ब्रेकनंतरचा पहिलाच प्रश्न हा होता.

१४ नोव्हेंबर आपल्याकडे बालदिन, जगभर त्याच दिवशी दुसरा कुठला दिवस पाळतात आणि त्याचा टोरांटोशी संबंध काय? जागतिक मधुमेह दिन. कित्याक? तो फ्रेडरिक बँटिंगचा वाढदिवस. हा तरुण डॉक्टर १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो विद्यापीठात मॅक्लाउड यांच्या लॅबमध्ये चार्ल्स बेस्ट या मदतनिसाबरोबर कुत्र्यांवर प्रयोग करत होता, त्यातून इन्सुलिन हाताला लागलं. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये पहिलं इंजेक्शन दिलं, ते पुरेसं शुद्ध नव्हतं म्हणून नीट जमलं नाही, मग कॉलिप नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते जास्त शुद्ध करून दिलं आणि बारा दिवसांनी पुन्हा टोचलं तेव्हा रक्तातली साखर खाली आली. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने जगवणं एवढाच उपाय होता. १९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल मिळालं तेव्हा बँटिंगने आपल्या वाट्याचे पैसे बेस्टबरोबर वाटून घेतले आणि मॅक्लाउडने कॉलिपबरोबर. आणि पेटंट? बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी ते विद्यापीठाला विकलं, प्रत्येकी एक डॉलरला.

सरांनी इथे एकच आकडा सांगितला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या सर्वेक्षणात देशात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त कुठे निघालं, तर गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे त्या हॉलमध्ये जेवढी मोठी माणसं बसली होती त्यांत दर चौथा. प्रत्येकाच्या घरात कोणीतरी आहे, माझ्या आईच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी इन्सुलिनची व्हायल वर्षानुवर्षं आहे, आणि ती कुठल्या शहरातून निघाली हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. काकूंनी ते उत्तर ऐकून टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

बाकीचं भराभर सांगतो. जमिनीखाली 'पाथ' नावाचं पायी चालायचं जाळं, तीस किलोमीटरच्या वर, जवळजवळ बाराशे दुकानं, हिवाळ्यात कोट न घालता ऑफिसला जाता यावं म्हणून इमारती एकमेकींना जोडत जोडत वाढलेलं, पहिला बोगदा १९०० मध्ये एका डिपार्टमेंट स्टोअरने आपली दोन दुकानं जोडायला काढला. नावाच्या चार अक्षरांना चार रंग, लाल म्हणजे दक्षिण, केशरी पश्चिम, निळा उत्तर, पिवळा पूर्व. पुतणी तिथे रोज चालते, तिला वहिनीने फोन करून विचारलं तर तिला रंगांचं माहीतच नव्हतं, दुसऱ्या दिवशी फोटो काढून पाठवला. भुयारी रेल्वेच्या बे नावाच्या स्टेशनच्या खाली आणखी एक स्टेशन आहे जे १९६६ मध्ये सहाच महिने वापरलं आणि बंद केलं, आता तिथे सिनेमांची शूटिंग होतात. निमुळत्या कोपऱ्याची ती इस्त्रीसारखी दिसणारी इमारत न्यूयॉर्कची म्हणून प्रसिद्ध, पण टोरांटोची गुडरहॅम बिल्डिंग १८९२ ची, न्यूयॉर्कवालीच्या दहा वर्षं आधीची. १९९९ मध्ये एवढा बर्फ पडला की महापौरांनी रस्ते मोकळे करायला लष्कर बोलावलं. आणि सगळ्या जगाच्या घड्याळांना टाइम झोनमध्ये बसवायची योजना सँडफर्ड फ्लेमिंगने १८७९ मध्ये मांडली ती टोरांटोतच.

स्पोर्ट्सचा राउंड मात्र पडला. एनबीए या बास्केटबॉल लीगची पहिली मॅच १९४६ मध्ये टोरांटोत झाली, अमेरिकेत नव्हे, हे ऐकायला छान आहे. बेब रूथ या बेसबॉलपटूने व्यावसायिक खेळाडू म्हणून पहिला होमरन १९१४ मध्ये त्या विमानतळाच्याच बेटावर मारला, ठीक. पण "कित्याक?" म्हटल्यावर सांगण्यासारखं कारणच निघत नव्हतं, लोक गप्प बसले, आणि फोंड्यात बेसबॉल किती जणांना कळतो? त्याऐवजी तिथल्या क्रिकेटवर काढायचे होते प्रश्न, भारत-पाकिस्तान सहारा कप टोरांटोतच झाला होता की १९९६ पासून, सौरव गांगुलीने तिथे काय बॉलिंग टाकली होती ते चाळिशीतल्या कोणालाही विचारा. सरांना नंतर भेटून हे सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

तक्रारी. एक, गर्दी एवढी आणि पंखे तीनच, त्यातला एक स्क्रीनच्या डोक्यावर म्हणजे सरांसाठी. ऑक्टोबरात तिथे बसवणार नाही, निदान दोन उभे पंखे आणा. दोन, सहाची वेळ देऊन पावणेसातला सुरू केलं, लहान मुलं असलेल्या लोकांची पंचाईत होते, शेवटचा राउंड दोन टीमनी अर्धवट सोडला. तीन, सर बोलतात मराठीत पण स्लाईड सगळ्या इंग्रजीत, आमच्या पुढच्या टेबलावरच्या आजींना नातवाकडून प्रत्येक प्रश्न समजून घ्यावा लागत होता, आणि त्या आजींनी हेझलच्या प्रश्नाला "पूर आला असणार" असं त्यांच्या टीमला सांगितलं होतं, टीमने लिहिलं नाही. स्लाईड मराठीत असत्या तर आजी जिंकल्या असत्या. हे खरंच मनावर घ्या.

बक्षीस म्हणजे पुस्तकांचं कुपन आणि कॅफेचं एक फुकट जेवण. आम्ही चौथे आलो.

पुढच्या महिन्याचा विषय फळ्यावर लिहिलाय, नैरोबी, तेव्हा ज्यांचे आजोबा-पणजोबा आफ्रिकेत होते त्यांनी नक्की या, सर म्हणत होते की घरच्यांच्या आठवणी असतील तर त्याही ऐकायच्या आहेत. बुकिंग काउंटरवर जाऊनच करावं लागतं, फोनवर घेत नाहीत, आणि आदल्या गुरुवारपर्यंत टेबलं भरतात. गाडी बाजारात लावायच्या भानगडीत पडू नका, लांब लावा आणि चालत या. बन हवे असतील तर ब्रेकची वाट न बघता आल्या आल्या सांगा, तेव्हा गरम मिळतात असं काउंटरवरच्या मुलानेच सांगितलं.